घटसर्प दोन, लसी दोन

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २४, बारावी झालेली. माझा मुलगा तेरा आठवड्यांचा आहे. दीड महिन्याची सुई दिली त्या रात्री त्याला ताप आला आणि मांडीत बोराएवढी गाठ झाली, ती अजून हाताला लागते. सिस्टर म्हणाल्या होत्या की या सुईत घटसर्पाची पण लस आहे. हे ऐकून मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, आपल्या म्हशीला पावसाळ्याआधी घटसर्पाचीच दिली होती, मानेवर गाठ आली, चार-पाच दिवस दूध कमी झालं. जनावरांच्या डॉक्टरनी तेव्हाच सांगितलं होतं की ही तेलाची लस आहे, गाठ येते. "म्हशीले तेल टोचलं तं दूध आटलं, एवढ्याशा पोट्ट्याले काऊन टोचता?" असं त्यांचं म्हणणं. त्यात नागपूरच्या भासऱ्यांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, व्हिडिओ पाठवला. लसीतल्या तेलानं शरीर स्वतःशीच लढायला लागतं, अमेरिकेचे सैनिक असेच आजारी पडले, असं त्यात आहे. तेव्हापासून आशाताई दोनदा येऊन परत गेल्या, अडीच महिन्यांची सुई चुकली. हे काहीच बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, धाकटा दीर तर अंड्याच्या पोल्ट्रीत तेलाचीच लस टोचतो, दोनदा त्याच्याच बोटाला सुई लागली, काही झालं नाही. कोणाचं खरं धरू? आणि पुसदला माहेरी जाऊन कोणाला न सांगता सुई देऊन आणली तर चालेल का?

उत्तर:

तू माझ्या सुनेच्या वयाची, म्हणून अगंतुगं करते. राग मानू नकोस.

आधी तुझ्या मामाजींबद्दल. त्यांचं म्हशीबद्दल सांगणं अगदी खरं आहे. गाठ आली हे त्यांनी पाहिलं, दूध किती कमी झालं ते मापलं, का झालं हे योग्य माणसाला विचारलं आणि उत्तर लक्षात ठेवलं. दवाखान्यात तीस वर्षं काढताना असा नीट इतिहास सांगणारे नातेवाईक मला फार थोडे भेटले. त्यामुळे आशाताई किंवा तू त्यांना "तुम्हाला काही समजत नाही" या सुरात काही सांगायला गेलात तर तिथंच सगळं बिनसेल. त्यांची चूक एकाच ठिकाणी झाली आहे, आणि ती त्यांची नाही, आपल्या भाषेची आहे.

म्हशीचा घटसर्प आणि लेकराचा घटसर्प हे दोन वेगळे आजार आहेत. नाव तेवढं एक. पावसाळ्याच्या तोंडावर जनावराचा गळा सुजतो, घरघर लागते आणि एका दिवसात ते दावणीला मरून पडतं, तो घटसर्प पाश्चरेला नावाच्या जंतूनं होतो. लेकराच्या घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास अडतो, तो घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. त्याचा जंतू वेगळा. दोन्हींत गळा धरतो म्हणून जुन्या माणसांनी दोघांना एकच नाव दिलं, आणि नाव म्हणून ते चांगलंच आहे. पण त्या नावामुळे म्हशीची बाटली आणि बाळाची बाटली तुमच्या घरात एक झाली.

म्हशीच्या घटसर्पाची लस बऱ्याचदा तेलातली असते. लाळ्या-खुरकूतची पण असते. बाळाला दीड महिन्याला दिलेल्या सुईत, जिला सिस्टर पेंटा म्हणतात, तेल नाही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब गटाची कावीळ आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जंतू) या पाचांविरुद्धची ती लस आहे, आणि तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार आहे. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही आणि जन्मल्यावर दिलेली काविळीची सुई, यांतही तोच प्रकार. बीसीजी, पोलिओचे थेंब, पोलिओची सुई, जुलाबाविरुद्धचे रोटाचे थेंब आणि पुढे नवव्या महिन्याला मिळेल ती गोवर-रुबेलाची लस, यांत तोही नाही. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात बाळाला मिळणाऱ्या एकाही लसीत तेल नाही. कोव्हिडच्या वेळी आपल्याकडे गावोगाव दिलेल्या कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिनमध्येही नव्हतं. हे मामाजींना ऐकायचं असेल, कारण त्यांनीही त्यातली एखादी घेतलीच असेल.

मग गाठ का आली? तेल नाही तर गाठ नको, असा प्रश्न ते नक्की विचारतील, आणि तो रास्त आहे.

यासाठी तुला थोडं मागं नेते. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. हो, जनावरांचेच. त्या काळी डिप्थेरियावरचं औषध घोड्याच्या रक्तातून काढत. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झालं की रक्त काढून घ्यायचं. रामोंच्या लक्षात आलं की ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू होतं, त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त निघतं. मग त्यांनी मुद्दाम तिथं थोडा दाह व्हावा म्हणून लसीबरोबर काय काय घालून पाहिलं, त्यात टॅपिओका होता. टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा! उपासाला आपण जो खातो, तोच. लसीची ताकद वाढवणाऱ्या या मदतनीस पदार्थाला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. आजचा सगळा वाद याच शब्दाभोवती आहे, आणि त्याची सुरुवात एका गोठ्यात झाली आहे.

त्याच सुमारास, १९२६ मध्ये, इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी यांनी डिप्थेरियाच्या लसीत तुरटी घातली. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की तुझ्या सासूबाई घागरीत तुरटी फिरवत असतील. गाळ एकत्र होऊन तळाशी बसतो. ग्लेनींच्या नळीतही तेच झालं, लसीचा अंश तुरटीबरोबर साका होऊन खाली बसला. तो साका टोचला तर साध्या लसीपेक्षा कितीतरी चांगला परिणाम दिसला. आज पेंटात तुरटी जशीच्या तशी नसते, तिच्या कुळातला ॲल्युमिनियम फॉस्फेट असतो. एका डोसात ॲल्युमिनियम १.२५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणूनच ती बाटली बराच वेळ उभी राहिली की तळाशी पांढरा थर दिसतो, आणि भरण्याआधी सिस्टर ती हलवतात. बघायला ती म्हशीच्या लसीसारखीच पांढरट दिसते, त्यामुळेही गैरसमज व्हायला जागा आहे. फरक पाहायचा तर सुई पाहा. तेलाची लस घट्ट असते, तिला जाड सुई लागते. बाळाची लस पाण्यासारखी बारीक सुईतून जाते.

हा बारीक साका स्नायूत टोचल्या जागी काही काळ राहतो, तिथं शरीराचे पहारेकरी गोळा होतात, आणि त्या गर्दीची हाताला लागते ती गाठ. ती पुवाची नसते. काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहते आणि आपोआप विरते. तिला चोळू नकोस, शेकू नकोस. हळद-चुना, बिब्बा, पाल्याचा लेप यातलं काही नको. बिब्ब्यानं तर लेकराची कातडी भाजेल. गाठ लाल झाली, गरम लागली, वाढत गेली, मऊ होऊन पू दिसला, तरच दवाखान्यात दाखव. पुढची सुई त्या गाठीवर न देता बाजूला द्यायला सिस्टरना सांग. त्यांना माहीत असतं, तरी सांग.

इथं एक सावध करते. ॲल्युमिनियमचं ऐकून कोणी घरात म्हणेल, अहो आपण जर्मनच्या भांड्यात भात शिजवतो, त्याहून हे कमीच. हा युक्तिवाद तू करू नकोस. भांड्यातून पोटात गेलेलं बहुतेक सगळं शौचावाटे निघून जातं, टोचलेलं मात्र सगळं अंगात शिरतं आणि मूत्रपिंडं ते हळूहळू बाहेर काढतात. तुलना लंगडी आहे, आणि भासरे शिकलेले दिसतात, पहिल्याच फटक्यात पकडतील. खरा आधार वेगळा आहे. हा क्षार शंभर वर्षांच्या आसपास कोट्यवधी लेकरांच्या मांडीत गेला आहे. त्याचा त्रास काय, तर ताप, सूज आणि तुझ्या मुलाला आली तशी गाठ.

आता तेल. व्हिडिओत सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्यात खरं आणि खोटं असं कालवलं आहे की वेगळं काढायला वेळ लागतो.

तुझ्या घरी म्हैस आहे म्हणून सोपं जाईल. दूध आणि लोणी दोन्हींत पाणी आहे, दोन्हींत स्निग्धांश आहे. दुधात पाण्यामध्ये तुपाचे कण तरंगतात, लोण्यात तुपामध्ये पाण्याचे कण अडकलेले असतात. दूध वाहून जातं, लोणी बोटाला चिकटून राहतं. म्हशीची तेलाची लस बहुधा लोण्याच्या जातीची असते. खनिज तेलात, म्हणजे पॅराफिनसारख्या तेलात, लसीचे थेंब कोंडलेले. हे तेल शरीराला पचवता येत नाही, ते तिथंच बसून राहतं, लस हळूहळू सुटत राहते, म्हणून जनावराला वर्षभर पुरते. त्याची किंमत म्हणजे गाठ, ताप आणि चार दिवसांचं दूध. एका दिवसात दावण रिकामी करणारा आजार समोर असताना हा सौदा गोपालकाला परवडतो.

माणसाला तो परवडत नाही, हेही डॉक्टरांनी फार पूर्वीच ओळखलं. १९३० च्या दशकात जूल्स फ्रॉइंड यांनी खनिज तेलात मेलेले क्षयाचे जंतू घालून एक मिश्रण केलं. प्रयोगशाळेतल्या जनावरांत ते इतकं जबरदस्त निघालं की टोचल्या जागी जखमा पडत. ते माणसाला द्यायचा विचारच सोडून द्यावा लागला. जंतू काढून नुसतं तेल ठेवलेलं मिश्रण मात्र १९५१ ते ५३ मध्ये अमेरिकेच्या हजारो सैनिकांना फ्लूच्या लसीतून दिलं गेलं. काहींना टोचल्या जागी गळवं झाली. पुढे बरीच वर्षं त्या सैनिकांचा माग ठेवला, त्यांच्यात मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण १९६० च्या सुमारास काही जातीच्या उंदरांच्या पोटात खनिज तेल टोचल्यावर गाठीचा कर्करोग होतो हे दिसलं, आणि गळवांचा त्रास होताच. नेहमीच्या लसीकरणातून ते तेल बाद झालं. मला यात दडवण्यासारखं काही दिसत नाही. त्रास दिसला, वापर थांबवला.

भासऱ्यांच्या व्हिडिओतले सैनिक हे नव्हेत. ते १९९१ च्या आखाती युद्धाचे. युद्धावरून परतल्यावर त्यांतले कित्येक थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा घेऊन आले. ते दुखणं खरंच होतं, कोणी सोंग करत नव्हतं. २००० साली काही संशोधकांनी लिहिलं की या आजारी सैनिकांच्या रक्तात स्क्वालीनविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, म्हणजे त्यांना दिलेल्या अँथ्रॅक्सच्या लसीत स्क्वालीन घातलं असणार. स्क्वालीन हे तेल शार्क माशाच्या यकृतात भरपूर असतं, म्हणून व्हिडिओत शार्क दाखवतात. ते जैतुणाच्या तेलातही असतं. आणि तुझ्या, माझ्या, त्या बाळाच्या यकृतातही रोज तयार होतं, बोटांच्या कातडीवरच्या तेलकटपणातही असतं. त्या लसीत मुळात ॲल्युमिनियमचा क्षार होता, स्क्वालीन घातलेलं नव्हतं. तपासणीत काही बाटल्यांत सापडलं ते अब्जात काही भाग इतकं, म्हणजे कुणाच्या बोटाच्या ठशातूनही येईल इतकं. नंतर नीट चाचणी करून पाहिलं तर अशी प्रतिपिंडं कधीच ती लस न घेतलेल्या धडधाकट माणसांतही निघाली. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीनंही ही भीती निराधार ठरवली.

"शरीर स्वतःशी लढतं" हा भाग २०११ मध्ये इस्रायलचे डॉक्टर येहुदा शोएनफेल्ड यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेला दिसतो. मदतनीस पदार्थांमुळे असा एक आजार होतो, असं त्यांचं म्हणणं. अडचण लक्षणांच्या यादीत आहे. थकवा, सांधेदुखी, अंगदुखी, झोप नीट न लागणं. सोयाबीन काढणी झाल्यावर तुमच्या गावात कोणाला हे होत नाही ते सांग! यादी एवढी सैल असली की त्यात कोणीही बसतं, म्हणून बहुतेक तज्ज्ञ ती धरत नाहीत. हेही खरं की काही जातीच्या उंदरांना आणि घुशींच्या जातभाईंना तेल टोचून सांधे सुजवता येतात. त्या जाती मुळातच तशा हळव्या म्हणून निवडलेल्या असतात.

आणि आता व्हिडिओत असेल-नसेल ती गोष्ट, पण मी भासरे असते तर हीच आधी सांगितली असती. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, आपल्याकडे पुण्यानं त्याची दहशत पाहिली. युरोपात तेव्हा पँडेमरिक्स नावाची लस दिली गेली. तिच्यात स्क्वालीन होतं, दुधाच्या जातीचं, म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक कण, सोबत ई जीवनसत्त्व. २०१० च्या ऑगस्टमध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून बातमी आली की लस घेतलेल्या शाळकरी मुलांत नार्कोलेप्सी वाढली आहे. या आजारात मूल वर्गात, जेवताना, कुठंही झोपेत कोसळतं, आणि तो जन्मभर राहतो. फिनलंडमध्ये हिशोब निघाला तो लस घेतलेल्या साधारण १६,००० मुलांमागे एक. हे नुकसान खरं होतं आणि सरकारांनी ते मान्य केलं.

पण दोष तेलाचा होता का, यावर अजून एकमत नाही. जवळजवळ तेच तेल घातलेली लस कॅनडात दिली, तिथं एवढी वाढ दिसली नाही. स्क्वालीनचीच दुसरी एक फ्लूची लस १९९७ पासून म्हाताऱ्या माणसांना दिली जाते आहे, तिच्यात हा प्रकार दिसला नाही. आजारी पडलेली जवळजवळ सगळी मुलं एका विशिष्ट आनुवंशिक गटातली निघाली. त्यामुळे बरेच जण लसीतल्या विषाणूच्या अंशाकडे बोट दाखवतात, काही जण म्हणतात तेलानं त्याला जोर दिला असेल. मला दुसऱ्या मतातही थोडं तथ्य वाटतं. स्क्वालीनच्या लसींवर डोळा ठेवायला हवा, यात मला शंका नाही. फक्त तो वाद तुझ्या बाळाच्या मांडीपर्यंत पोचत नाही. पँडेमरिक्स आपल्या गावोगावच्या लसीकरणात कधी नव्हती, आणि पेंटात तेलाचा थेंब नाही.

आता घरात हे कसं सांगायचं? मामाजी आशाताईंचं ऐकत नाहीत, माझं तर का ऐकतील. ते कोणाचं ऐकतात हे तुझ्या पत्रातच आहे. जनावरांच्या डॉक्टरांचं. त्यांना म्हणावं, मामाजी, तुम्ही म्हशीचं अचूक सांगितलं, मग त्याच डॉक्टरांना विचारून या की लेकराची घटसर्पाची लस पण तेलाची असते का. ते पाच मिनिटांत सांगतील, दोन्ही घटसर्प वेगळे हेही सांगतील. लसीचा फोटो हवा असेल तर सिस्टरना मागून मोबाइलवर काढून दे, लेबलवर ॲल्युमिनियम फॉस्फेट छापलेलं असतं, जनावरांचे डॉक्टर ते वाचून दाखवतील. सुनेनं समजावण्यापेक्षा माणूस स्वतः विचारून आला की त्याला मागे फिरायला वाट राहते.

भासऱ्यांशी ग्रुपवर भांडू नकोस. फार तर तुझ्या नवऱ्यानं त्यांना एकच विचारावं: बाळाच्या कोणत्या लसीत कोणतं तेल आहे, नाव लिहून पाठवा. उत्तराची वाट पाहत सुई लांबवायची नाही. आणि "हे काहीच बोलत नाहीत" हे तुझं वाक्य मला जास्त लागलं. बाप आहे तो. त्याला एकट्याला गाठून हे पत्र वाचायला दे.

माहेरी गुपचूप जाण्याचं म्हणशील तर नको. हक्काचा प्रश्न नाही, तू आई आहेस, लेकराला लस द्यायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. पण रात्री ताप येऊ शकतो, नवी गाठ येऊ शकते. तेव्हा तू काय सांगशील? आणि पुढे महिनाभरात त्याला साधा जुलाब झाला तरी "तिकडं जाऊन टोचून आणलं म्हणून" हे तुला जन्मभर ऐकावं लागेल. सगळं करून घर नाहीच वळलं तर पुसदला जा, पण सांगून जा. मी सुई देणार आहे म्हणून जाते, असं. कार्ड सोबत ने.

उशीर मात्र फार करू नकोस. मला सगळ्यात काळजी डांग्या खोकल्याची आहे. एवढ्या लहान बाळाला धड खोकताही येत नाही, श्वासच थांबतो, आणि एका डोसाचा आधार पुरेसा नसतो. चुकली म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी राहिलेला डोस, मग चार आठवड्यांनी तिसरा, सोबत रोटा आणि पोलिओचं जे राहिलं असेल ते. सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच थांब. मागच्या वेळी ताप आणि गाठ आली होती हे सिस्टरना आधी सांग. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर ठरतं, त्या सांगतील तेवढंच. अंगावर पाजणं चालू ठेव. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका, लेकरू लुळं किंवा निपचित पडणं, यांपैकी काही झालं तर घरात बसू नका, सरळ दवाखान्यात न्या, आणि लस दिली होती हे तिथं सांगा.

शेवटी तुझ्या धाकट्या दिराबद्दल. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ मला तीच वाटली. तुमच्या घरात तेलाच्या लसीपासून खरी भीती कोणाला असेल तर ती बाळाला नाही, त्याला आहे. अंड्याच्या कोंबड्यांना मानमोडीची जी मेलेल्या विषाणूची लस टोचतात, ती खनिज तेलातली असते. कोंबडी फडफडते, सुई हातात घुसते. बोट म्हणजे हाड आणि कातडी यांच्यात जागाच नाही. तिथं थोडंसंही तेल गेलं तरी ते नसांच्या कडेनं पसरतं, सूज रक्त अडवते, आणि बोट काळं पडू शकतं. पहिल्या काही तासांत वरून फक्त एक टिंब दिसतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात पोल्ट्रीतला एक पोरगा अंगठा धरून माझ्याकडे आला होता. टोचल्याची खूण जेमतेम दिसत होती. मी त्याला धनुर्वाताची सुई आणि दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्यानं "मॅडम, कोंबड्याची लस हाये" असं सांगितलंही होतं, मी ते कानाआड केलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा अंगठ्याचं पेर वाचवण्यासारखं राहिलं नव्हतं. चूक माझी होती. त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणी पाठवायला हवं होतं.

दोनदा सुई लागून दिराला काही झालं नाही, म्हणजे बहुधा दोन्ही वेळा दट्ट्या दाबला गेला नव्हता. तिसऱ्यांदा लागलं तर दुखत नसलं तरी थांबायचं नाही. जखम दाबायची नाही, चोखायची नाही, हळद भरायची नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे त्याच तासाला निघायचं. आणि जाताना लसीच्या बाटलीसोबतचा कागद खिशात घ्यायचा. त्यावर हेच छापलेलं असतं, डॉक्टरांसाठी वेगळ्या चौकटीत. माझ्यासारखा एखादा नवा डॉक्टर ड्युटीवर असेल, तर तो कागद त्याच्या समोर धरायला सांग.